रिकामी जागा मध्यभागी ठेवू नका

शिवराम,

गुरुवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये तुझ्यासाठी माणसं जमली होती. आपला संघ चालवणारा वॉल्टर बोलला, त्याच्यामागून आणखी दोघे बोलले, आणि तिघांनीही तुला भिंत म्हटलं. आखातातल्या या रुवैसच्या मैदानावर अशी भिंत पुन्हा होणार नाही, असं म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. खिशात तुझ्याविषयी लिहून आणलेला, चार घड्या घातलेला कागद होता. तो मी बाहेर काढला नाही.

तू भिंत नव्हतास, हे सांगायला मला पाच वर्षं मिळाली होती आणि त्या संध्याकाळी पाच मिनिटं. दोन्ही माझ्या हातून गेली. शुक्रवारी काय झालं ते शेवटी सांगतो. त्याआधीचं मांडल्याशिवाय ते तुलाही पटणार नाही.

एक परवानगी मात्र आधीच घेऊन टाकतो. जिवंतपणी मी तुला ‘तुम्ही’ म्हणत आलो. साइटवरचे माझ्या हुद्द्याचे इतर लोक तुला सरळ अरे-तुरे करत, आणि मला ते जमत नसे; तुला माझं ‘तुम्ही’ ऐकून हसू यायचं. आज मी ‘तू’ म्हणतो आहे. हुद्द्याचं ‘तू’ नव्हे हे. ओळीत शेजारी उभ्या असलेल्या माणसाला म्हणतात, ते.

ईश्वर तुझ्या आत्म्यास शांती देवो, असंही मी लिहिणार नाही. शांतपणे एका जागी उभं राहणं तुझ्या वाट्याला पुरेसं आलं होतं.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात वॉल्टरची पिकअप सब्ख्यात, म्हणजे त्या वरून कोरड्या आणि आतून चिखल असलेल्या खारट जमिनीत, चाकाच्या मध्यापर्यंत रुतली. चार जण ढकलत होते. तू रिगर होतास, क्रेनला ओझी बांधणारा. क्रेनजवळून चालत आलास, चौघांना बाजूला केलंस, गाडीला पाठ लावलीस आणि टाचा रोवल्यास. गाडी निघाली. टेक्सासच्या वॉल्टरने तिथल्या तिथे तुला शुक्रवारच्या फुटबॉलला बोलावलं. लाथेने खेळायचा फुटबॉल असेल, असं समजून तू गोलकीपर व्हायच्या तयारीने आलास.

तो खेळ वेगळाच निघाला. लांबुळका चेंडू हातात घ्यायचा, हाताने फेकायचा. एका बाजूचा एक जण चेंडू घेऊन मागे सरतो आणि पळत सुटलेल्या आपल्या गड्याकडे फेकू पाहतो. त्याला तू पहिल्याच दिवशी ‘फेक्या’ असं नाव दिलंस. फेक्याला वेळ मिळावा म्हणून त्याच्या पुढे पाच जण ओळीने उभे राहतात. त्यांच्यासमोर आपले पाच. आपण ती ओळ फोडायची आणि चेंडू हातातून सुटण्याआधी फेक्याला गाठायचं. मूळ खेळात त्याला जमिनीवर आपटतात. आपल्या मैदानात अर्धी वाळू आणि अर्धं वाळलेलं गवत, शिवाय शनिवारी सगळ्यांना कामावर जायचं असायचं. म्हणून कमरेला चिकटवलेली फीत ओढून घ्यायची, एवढंच. फीत सुटली की चेंडू मेला.

वॉल्टरने तुला ओळीच्या मध्यभागी उभं केलं. तुला अडवायला समोरचे दोघे लागायचे, आणि तेवढ्यावर तो खूश होता.

मी तिथे कसा आलो, हे तू लोकांना रंगवून सांगायचास. एक्केचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी मैदानाभोवती चकरा मारत होतो. एका शुक्रवारी त्यांना माणूस कमी पडला आणि मला नाही म्हणता आलं नाही. पुण्यात शिकताना मी कुठल्याच मैदानात उतरलो नव्हतो. तुझ्या डाव्या हाताला मला उभं केलं, कारण तिथे माझ्यामुळे नुकसान कमी होईल असा हिशेब होता. घरी गेल्यावर माझा मुलगा म्हणाला, “बाबा, यू वर जस्ट स्टँडिंग देअर.” त्याचं म्हणणं खरं होतं. तू मात्र पाण्याची बाटली पुढे करत म्हणालास, “उभं राहता येतं ना सायेब? झालं तर. निम्मा खेळ तोच हाय.”

उरलेला निम्मा तुला ठाऊक होता, आणि तो तू कधी खेळला नव्हतास.

हे तू मला दुसऱ्या महिन्यात सांगितलंस. मॅच संपून सगळे छत्रीखाली बसले होते आणि तू खजूर खाऊन बिया एका ओळीत मांडत होतास. गुहागरकडच्या तुझ्या गावच्या कबड्डी संघात तू बारा वर्षं कोपरा सांभाळलास. आत आलेल्याचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही. पंचक्रोशीत तुझ्या पकडीचं नाव होतं. पण चढाईला तुला कोणी पाठवलं नाही. एवढं धूड घेऊन पलीकडे जाणार आणि परत कसा येणार, असं म्हणत. “बारा वर्षं, सायेब,” तू म्हणालास, “रेषेच्या अलीकडंच. पलीकडची माती कशी लागते पायाला, बघितली नाय.” मग एक बी तू बोटाने ढकललीस, समोरच्या ओळीपलीकडे, आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलास.

माझा व्यवसाय पाइपांची तपासणी करण्याचा आहे. बाहेरून सगळा पाइप सारखा दिसतो. जाडी मोजत गेलं की एखादी जागा आतून झिजलेली सापडते, आणि फुटतो तो तिथेच. त्या दिवशी तुझ्या बिया पाहताना मला पहिल्यांदाच खेळातलं काही कळलं. समोरच्या पाचांतले दोघे तुझ्यावर येत होते, कारण तू कुठे असणार हे त्यांना घरून निघतानाच माहीत असे. त्यांची ओळ मध्यभागी सगळ्यात जाड होती आणि आम्ही तुला दर शुक्रवारी तिथेच धडकवत होतो. मी नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि दोनदा वाचलं. चेंडू हलेपर्यंत बचाव करणाऱ्यांनी कुठेही उभं राहावं. त्याला कसलीही आडकाठी नव्हती. तू डाव्या टोकाला उभा राहू शकत होतास, उजव्या टोकाला राहू शकत होतास, ओळीच्या दोन पावलं मागे उभा राहून कुठल्याही फटीतून शिरू शकत होतास. ज्या जागी त्यांचा सगळ्यात कच्चा माणूस, त्या जागी तू.

तपासणीच्या कागदांच्या पाठीमागे मी नऊ आकृत्या काढल्या. त्या वॉल्टरला दाखवायची माझी हिंमत झाली नाही. ज्याने शाळेच्या संघांना हा खेळ शिकवला, त्याला मी काय सांगणार? त्या तुला दाखवल्या. तू कागद उलटा धरलास, सुलटा धरलास आणि परत दिलास. “ह्यात माणसं दिसत नायत. बिया मांडा.” मी बिया मांडल्या. तू दोन आकृत्या मोडीत काढल्यास, कारण त्यांत मी स्वतःला पळायला लावलं होतं.

खुणेची युक्ती तुझी. कबड्डीत साखळी धरलेले गडी हाताने हाताला सांगतात, तशी. ओळीत वाकून उभं राहताना तू माझी बोटं धरायचास. एकदा दाबली, तर तू जिथे आहेस तिथूनच घुसणार. दोनदा दाबली, तर मी आत सरकायचं आणि तू माझ्या बाहेरून जायचं. वयाने वाढलेले दोन पुरुष हात धरून उभे आहेत, म्हणून समोरचे हसत. हसू देत, तू म्हणायचास, हसणाऱ्याचा पाय हलका होतो.

पहिल्यांदा दोनदा दाबलीस तो शुक्रवार मी विसरणार नाही. मी आत सरकलो, माझ्यावर समोरचे दोघे येऊन आदळले (ते तुझ्यासाठी आले होते), आणि आडवा पडता पडता मी तुला बाहेरून जाताना पाहिलं. त्या देहाला तो वेग कुठून आला? त्यांच्या ओळीच्या टोकाला असलेल्या सर्व्हेअरला तू हातसुद्धा लावला नाहीस, खांदा खाली घालून त्याच्या बगलेखालून गेलास. फेक्याला तू दिसलास तेव्हा त्याच्या कमरेची फीत तुझ्या मुठीत होती. कॅम्पातून बघायला आलेली कोकणातली मंडळी बाजूला उभी राहून ओरडत होती. आणि तू काय केलंस? वळलास, जिवाच्या आकांताने परत पळत आलास आणि निघाला होतास तिथल्या चुन्याच्या रेषेला हात लावलास.

सगळं मैदान हसलं. मीही हसलो. फीत ओढली तिथेच हात वर करून उभं राहायचं, असा नियम होता. म्हणजे शिट्टीवाल्याला जागा कळते. मी तुला तो समजावला. तू मान डोलावलीस, आणि पुढच्या वेळी पुन्हा परत पळत आलास.

त्यानंतरचे सहा शुक्रवार तुझे होते. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. एकदा तर ओळीच्या मागे पाठ करून उभा होतास आणि चेंडू हलताच वळलास. समोरचे ओळीत उभे राहण्याआधी मान वर करून तुला शोधू लागले. वॉल्टरला वाटत होतं, तू आपल्या मनाने भटकतो आहेस. जिंकत होतो म्हणून तो गप्प होता. या सगळ्यामागे आकृत्या आहेत, बिया आहेत, दोन माणसांनी शुक्रवारामागून शुक्रवार केलेली खटपट आहे, हे त्याला कोणी सांगितलं नाही. सांगायचं ते मी सांगायचं होतं.

मग हिवाळ्यातली शेवटची मॅच आली, अबुधाबीहून येणाऱ्या संघाशी. त्यांचा फेक्या ग्रेग, कॅनडाचा, शांत डोक्याचा. आपण पुढे होतो. शेवटचा डाव. तू माझी बोटं दोनदा दाबलीस. मी आत सरकलो, तू बाहेरून गेलास, फीत ओढलीस. मी पाहिली ओढताना. आणि तू वळून रेषेकडे पळालास. ग्रेगने एक क्षण स्वतःच्या कमरेकडे पाहिलं, शिट्टीवाल्याकडे पाहिलं, तो दुसरीकडे बघत होता असं दिसल्यावर चेंडू फेकला. पलीकडच्या टोकाला त्यांच्या गड्याने तो झेलला. शिट्टीवाल्याने फीत कुठे ओढली म्हणून विचारलं, तेव्हा तू रेषेवर उभा होतास, धापा टाकत, फीत उंच धरून. तिथे तर ग्रेग कधी आलाच नव्हता. डाव त्यांना मिळाला, मॅचही.

वॉल्टर तुझ्यासमोर आला. तो ओरडला नाही, ते जास्त वाईट होतं. खलास, म्हणाला, पुढच्या वेळेपासून मध्यभागी, आणि तिथून हलायचं नाही, भिंत चालत नसते. मग त्याने सगळ्यांकडे पाहून विचारलं, या भटकण्याची कल्पना मुळात कोणाची?

शिवराम, माझं तोंड उघडलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. पहिला शब्द जिभेवर आलेला होता. तेवढ्यात तू म्हणालास, “मेरा आयडिया था साब. गलती भी मेरा.” आणि मी तोंड मिटलं.

कॅम्पाकडे परतणाऱ्या बसमध्ये मी तुझ्या शेजारी बसलो. माफी मागायला बसलो होतो, आणि त्याऐवजी तुला नियम शिकवू लागलो. चूक फक्त परत पळण्यात झाली, म्हणालो. बाकी सगळं बरोबर होतं. तू खिडकीकडून माझ्याकडे वळलास.

“चूक कसली, सायेब? पलीकडं गेलेला माणूस रेषेला लागल्याबिगर पॉईंट धरत नायत.”

“तो कबड्डीत. इथे फीत ओढली तिथेच पॉईंट.”

“आणि माणूस? तो परत आला का नाय, ते कोण बघणार?”

इथे ते कोणी बघत नाही, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते देण्याइतका मी निर्दय नव्हतो. दोन वर्षांतून एकदा रजेवर जाणाऱ्या माणसाने विचारलेला तो प्रश्न होता. आपला वाद तिथेच राहिला. नंतर कधीतरी पुरा करू, असं मी धरून चाललो होतो.

पुढचे दोन हिवाळे तू मध्यभागी उभा राहिलास. समोरचे दोघे तुझ्यावर येत आणि तू त्यांना थोपवून धरायचास. लोक टाळ्या वाजवत. तू माझी बोटं धरायचास, सवयीने, पण दाबत नव्हतास. मला त्याचा अर्थ कळत होता. शुक्रवारामागून शुक्रवार मी वॉल्टरच्या गाडीपर्यंत चालत जाई आणि हवेविषयी बोलून परत येई. मग तुला अजमानला ट्रेलरवर काम मिळालं आणि तू गेलास. निरोपाला तू खजुराचा डबा दिलास. बिया फेकू नका, म्हणालास.

तुझा शेवटचा फोन दीड महिन्यापूर्वीचा. कार्डावरचे पैसे संपत आले होते, म्हणून घाईत होतास.

“मधी कोण असतो आता?”

“एक लेबनानी वेल्डर आहे. अंगाने तुमच्यासारखाच.”

“त्याला एका जागी नका ठेवू हं, सायेब. माणूस आतल्या आत कंटाळतो.”

वॉल्टरला सांगतो, असं मी म्हणालो, आणि लाइन तुटली. वॉल्टरला मी सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात तुझ्या खोलीतल्या सोबत्याचा फोन आला. सकाळी कामावर निघताना बूट घालायला वाकलास, तो उठलाच नाहीस. तू पेटीतून गावी पोचलास तेव्हा मी इथे एका टाकीची जाडी मोजत होतो.

आता शुक्रवारचं.

अबुधाबीचेच आले होते. वॉल्टरने ठरवलं होतं की पहिला डाव आपण नवाऐवजी आठच जणांनी खेळायचा. ओळीच्या मध्यभागी तुझी जागा मोकळी ठेवायची. कोणीतरी तिथे चुन्याने फुली काढली होती. त्यामागे प्रेम होतं, हे मला मान्य आहे. समोरच्यांनी टोप्या काढल्या. मी माझ्या जागी वाकून उभा राहिलो, आणि माझा उजवा हात आपोआप बाजूला गेला, बोटं सैल सोडून.

दाबायला कोणी नव्हतं. फुली मात्र होती, बरोबर मध्यभागी. दोन हिवाळे तुला जिथे खिळवलं, तिथेच, आणि आता कायमची.

“नो,” मी म्हणालो.

माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाही माहीत नव्हतं. शिट्टीवाल्याने शिट्टी तोंडातून काढली. वॉल्टरने काय झालं म्हणून विचारलं. मी सरळ उभा राहिलो. मी म्हणालो, तो इथे उभा राहणारा माणूस नव्हता. इथे आपण त्याला उभं केलं. तो भिंत नव्हता. या मैदानावर ओळ ओलांडून जाणारा त्याच्याइतका चांगला माणूस मी पाहिलेला नाही. आणि ती कल्पना त्याची नव्हती, वॉल्टर. माझी होती. नऊ आकृत्या आहेत, घरी आहेत, हव्या तर आणून देतो. त्या दिवशी तो माझ्याऐवजी बोलला आणि मी बोलू दिलं.

पाच वर्षांत वॉल्टरने माझ्या तोंडून सलग इतकी वाक्यं ऐकली नव्हती. मग त्याने विचारलं, “मग कुठे?”

मी फुलीवर जाऊन उभा राहिलो आणि माझी जागा मोकळी सोडली. तिथे, मी म्हणालो. पुढच्या डावात उजव्या टोकाला. त्याच्या पुढच्या डावात मी सांगेन तिथे. रिकामी जागा मध्यभागी ठेवायची नाही.

“यल्ला,” वॉल्टर म्हणाला, आणि हाताने ‘चला’ अशी खूण केली.

तीन डाव आठ जणांनी खेळलो. दुसऱ्या डावापासून ग्रेग ओळीत येण्याआधी मान वर करून शोधू लागला. तो चेंडूकडे बघत नव्हता, माझ्याकडे तर नाहीच. रिकामी जागा कुठे आहे, ते शोधत होता. तिसऱ्या डावात मी ती डाव्या टोकाला ठेवली. जुन्या खेळाडूंना ते टोक आठवत असावं. चेंडू हलला आणि त्यांचा मधला माणूस कोणी नसलेल्या त्या जागेकडे एक पाऊल सरकला. तेवढ्याच फटीतून लेबनानी वेल्डर आत गेला. फीत ओढून तो नियमाप्रमाणे जागच्या जागी उभा राहिला, हात वर करून. शिट्टी वाजली. डाव आपला.

वाद संपला नव्हता, शिवराम. म्हणून मी पुढे गेलो, त्याच्या हातातून फीत घेतली आणि वळलो. सेहेचाळीस वर्षांचा, कधीच न पळालेला माणूस कसा पळत असेल, ते तू रंगवून सांगितलं असतंस. कोणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही. मी चुन्याच्या रेषेपर्यंत आलो, वाकलो आणि रेषेवर हात टेकवला.

पॉईंट धरला आहे.